सातव्या बेटाच्या रांगेत

सासरा आणि सून एकाच सोफ्यावर बसून व्हिडिओ गेम खेळतात हे कळलं की लोक आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, "खरंच?" नणंद मात्र हसायची नाही. फोनवर ती म्हणायची, "वहिनी, बाबा सत्तरी ओलांडलेले, तू चाळिशीची, आणि दोघं मिळून करता काय? तर राक्षस मारता!"

"राक्षस नाहीत त्यात!" सासरे पलीकडून ओरडायचे. "भोवरे आहेत. तिला सांग, भोवरे!"

सून लिफ्ट आणि सरकते जिने दुरुस्त करायच्या कामावर होती. एकोणीस वर्षं झाली होती. नोकरीच्या पहिल्याच दिवशी ती स्वतःचा पाना घेऊन गेली, तेव्हापासून तिचं नावच 'पाना' पडलं आणि ते इतकं रुळलं की पुढे घरीदारी सगळे तिला पानाच म्हणायला लागले. सासऱ्यांचा जन्म भूमापन कार्यालयात नकाशे काढण्यात गेला होता. सासूबाई गेल्या आणि त्यांनी बोलणंच टाकलं. जेवायला हाक मारली की यायचे, चार घास खायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. नवरा बेकरीत भट्टीवर कामाला. पहाटे जायचा आणि दिवेलागणीलाच पेंगायला लागायचा. मग पाना हात घासघासून धुवायची, तरी बोटांना राहिलेला ग्रीसचा वास घेऊन टीव्हीसमोर बसायची आणि 'सहा बेटं' नावाचा गेम खेळायची. एक छोटी नाव, अफाट समुद्र आणि शोधून काढायची सहा बेटं.

एका संध्याकाळी मागून आवाज आला, "अगं, त्या खडकाला डावीकडून घे. उजवीकडे पाण्याचा रंग बदललाय."

चार महिन्यांत सासऱ्यांनी उच्चारलेलं ते पहिलं अख्खं वाक्य होतं. पानानं वळून पाहिलं नाही. वळलं तर ते पुन्हा गप्प होतील अशी तिला भीती वाटली. तिनं नुसती नाव डावीकडे घेतली.

तिनं नाव हाकायची आणि सासऱ्यांनी शेजारी बसून कागदावर नकाशा काढायचा, असं मग वर्षानुवर्षं चाललं. सहाही बेटं सापडली, पण सातवं काही हाती लागायचं नाही. ते क्षितिजावर नुसतं निळसर दिसायचं. कितीही नाव हाका, तेवढंच लांब. खेळणाऱ्यांमध्ये त्यावरून भांडणं व्हायची. ते नुसतं मागचं चित्र आहे, असं बरेच जण म्हणायचे. सासरे म्हणायचे, "चित्राची सावली हलत नाही. याची हलते."

आणि एक दिवस बातमी आली. गेमचा पुढचा भाग येतोय, नाव 'सातवं बेट', आणि वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गेम प्रदर्शनात तो पहिल्यांदा हाताळायला मिळणार. शेवटच्या दिवशी, सर्वसामान्य लोकांसाठी. पहिल्या चारशे जणांना, प्रत्येकी वीस मिनिटं.

प्रदर्शनाच्या भल्यामोठ्या इमारतीसमोर ती दोघं सकाळी साडेसहाला हजर झाली, तेव्हाही त्यांच्या पुढे दोनशेच्या वर माणसं होती. कुणी भिंतीला टेकून झोपलेलं, कुणी पुठ्ठ्याच्या तलवारीला चिकटपट्टी लावत बसलेलं. पानानं गेममधल्या पाणबुड्याचा वेश केला होता. राखाडी डगला, कमरेला दोर, आणि दिव्याच्या जुन्या काचेच्या शेडला तांब्याचा रंग देऊन सासऱ्यांनी आठवडाभर खपून केलेलं गोल शिरस्त्राण. सासऱ्यांनी स्वतःपुरती एक पिवळी टोपी घातली होती. गुडघ्याला पट्टा बांधला होता, पण तो पँटच्या आत, कुणाला दिसू नये असा.

"नंबर किती आपला?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"दोनशे बारा आणि तेरा. बाबा, मिळणार आपल्याला. आता शांत बसा."

"मी शांतच आहे. तुझाच पाय हलतोय मघापासून."

साडेआठला रांग आत घेतली. तळमजल्याच्या दालनात हजारएक माणसं दोरांच्या मधून नागमोडी उभी राहिली. 'सातवं बेट'चा स्टॉल वरच्या मजल्यावर होता आणि वर जायला शेजारी शेजारी दोन सरकते जिने. त्यांच्या मधला साधा जिना दोर लावून बंद केला होता आणि त्याच्यावर मोठाली जाहिरात ताणून बसवली होती. दोन्ही सरकत्या जिन्यांच्या वर छतापासून एक अजस्र फलक लोंबत होता. जिन्याच्या पायथ्याशी उभं राहिलं तर त्या फलकामुळे वरचं टोक दिसायचं नाही.

नऊच्या सुमाराला एक महिला गार्ड किल्ली घेऊन आली. उजवा जिना तोवर खाली येत होता, तो आता वर जाणारा करायचा होता. तिनं किल्ली फिरवून तो थांबवला. पानाची नजर सवयीनं पायऱ्यांवर गेली. जिना थांबला, पण लगेच नाही. रिकामा असूनही दोन पायऱ्या जास्तीच्या घसरला आणि मग थांबला.

"बाबा, बघितलंत?"

"काय?"

"ब्रेक झिजलाय त्याचा. इतका घसरायला नको."

"आज तुझी सुट्टी आहे ना?" सासरे म्हणाले, पण तिचा चेहरा बघून पुढे म्हणाले, "जा, सांगून ये. मी उभा आहे इथे."

ती दोराखालून वाकून गार्डकडे गेली. "ताई, उजव्या जिन्याचा ब्रेक सैल वाटतोय. जास्त माणसं चढू देऊ नका त्याच्यावर."

गार्डनं तिला नखशिखान्त पाहिलं. राखाडी डगला, कमरेचा दोर, बगलेतलं तांब्याच्या रंगाचं भांडं. "परवाच तपासून गेलेत," ती म्हणाली. "रांगेतून बाहेर येऊ नका. नंबर गेला तर मग माझ्याशी भांडू नका."

पाना क्षणभर तिथेच घुटमळली. कोणाला तरी वरच्या माणसाला बोलवा, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं. पण मागे रांग पुढे सरकत होती आणि सासरे टाचा उंचावून तिला खुणावत होते. ती परत जाऊन उभी राहिली.

दहाला दोर काढले. रांग होती तोवर रांग होती; दोर निघाले आणि तिची गर्दी झाली. धावू नका, असं ध्वनिक्षेपकावरून कोणी तरी सांगत होतं आणि सगळे न धावता धावत होते. पानानं सासऱ्यांचा दंड धरला होता.

"बाबा, आपण लिफ्टनं जाऊ. पलीकडच्या टोकाला आहे."

"तिथून वळसा घालून जाईपर्यंत चारशे होतील. चल!"

जिन्याच्या अलीकडे एक टेबल होतं. तिथे मघाच्याच गार्डनं हात आडवा घातला. "हे डोक्यात घालायचं, त्याच्या आत काय आहे ते दाखवा."

"काही नाही हो, रिकामं आहे."

"उलटं करून दाखवा."

पाना शिरस्त्राण उलटं करत होती तेवढ्यात मागून लोंढा आला आणि सासऱ्यांचा दंड तिच्या हातातून सुटला. पिवळी टोपी चार माणसं पुढे गेली, मग सहा. "मी नंबर धरतो गं!" एवढं ओरडलेलं तिला ऐकू आलं. टोपी उजव्या जिन्यावर चढली आणि वर जायला लागली.

टेबल जिन्यापासून थोडं बाजूला, तिरप्या कोनात होतं. तिथून फलकाच्या कडेनं जिन्याचं वरचं टोक दिसत होतं. पानानं सहज तिकडे पाहिलं.

वर पोहोचलेली डोकी दिसेनाशी व्हायला हवी होती. ती तिथेच साचत होती. वरच्या मोकळ्या जागेपलीकडचं काचेचं दार बंद झालं होतं. माणसं दाराला खेटून उभी होती, त्यांच्या पाठीला दुसरी, त्यांच्या पाठीला तिसरी, आणि जिना एका लयीत आणखी आणखी माणसं आणून त्यांच्यात ओतत होता. शेवटच्या पायरीवरची माणसं आता पुढे तोंड करून मागे चालत होती, जागच्या जागी, मागची पायरी पायानं चाचपत. मग त्यातलं कोणी तरी पडलं. पिवळी टोपी तिथून फार खाली नव्हती.

"दार उघडायला सांगा!" ती गार्डवर ओरडली. "वर दार बंद आहे! माणसं चेंगरतायत!"

गार्डनं मान वळवली, पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. "अगंबाई..."

"खाली दोर लावा. एकही माणूस आता चढता कामा नये. डावा जिना तुम्ही थांबवा, उजव्याचं मी बघते. पण मी हातानं खूण केल्याशिवाय बटण दाबू नका!"

आपण कोणाला हुकूम देतोय, याचा विचार करायला वेळ नव्हता. पाना कोपरं मारत जिन्याच्या पायथ्याशी पोहोचली. लाल बटण उजव्या बाजूला, पायाजवळ असतं. तिला ते डोळे मिटून सापडलं असतं. तिनं गुडघा टेकला, बोट बटणावर ठेवलं, आणि तिथेच तिचा हात थबकला.

एका पायरीवर दोन-दोन, तीन-तीन माणसं उभी होती. पन्नास पायऱ्या. रिकामा असताना दोन पायऱ्या घसरणारा ब्रेक एवढं वजन पेलेल का? नाही पेललं तर अख्खा जिना माणसांसकट उलटा खाली धावेल, आणि सगळी माणसं तिच्याच अंगावर येऊन कोसळतील. आणि नाही थांबवला तर वरचा ढीग वाढत जाईल, आणि त्या ढिगाखाली पायऱ्या जिथे जमिनीत शिरतात तिथली पोलादी फणी आहे. एकोणीस वर्षांत तिनं त्या फणीच्या दातांतून काय काय काढलं होतं ते तिला आठवायचं नव्हतं.

तिनं मान वर केली आणि छाती फुटेल एवढ्या जोरात ओरडली, "पट्टा धरा! दोन्ही हातांनी पट्टा धरा! जिना थांबतोय! खाली बसा, पट्टा सोडू नका!"

काहींनी ऐकलं. काहींनी नुसतं पाहिलं. तिनं पुन्हा तेच ओरडलं. आता एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा कठड्यावरच्या काळ्या पट्ट्याला बिलगला. तिनं डाव्या बाजूच्या गार्डकडे पाहून हात खाली टाकला आणि बटण दाबलं.

जिना थांबला. एक श्वास. मग आतून कण्हल्यासारखा आवाज आला आणि अख्खा जिना खाली सरकला. वीतभर. आणखी चार बोटं. वरून किंकाळ्या उठल्या. पानाला पायथ्यापासून उडी मारून बाजूला व्हावंसं वाटलं. तिनं पट्टा धरला आणि ती तिथेच राहिली, जसं काही तिच्या दोन हातांनी ते पेललं जाणार होतं.

जिना थांबला तो थांबला.

"खालच्या दोन पायऱ्यांवरचे आधी उतरा," ती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज परका वाटला, कामावरचा. "पळू नका. उड्या मारू नका. उतरलात की लांब जा. आता पुढच्या दोन."

माणसं उतरायला लागली. दोन पायऱ्या, चार, दहा. उतरणाऱ्या एका बाईचे दात वाजत होते. पाना मनातल्या मनात वजन मोजत होती. प्रत्येक माणसामागे ब्रेकवरचा भार एका माणसानं कमी. अर्धा जिना रिकामा होऊ दे, मग बघता येईल.

तेवढ्यात तिच्या मागून एक निळा कोट घातलेला माणूस तरातरा आला. गळ्यात ओळखपत्र, हातात वॉकीटॉकी, कपाळाला घाम. प्रदर्शनाचा सुपरवायझर होता तो.

"कोणी दाबलं बटण? दोन्ही जिने बंद? सहा मिनिटांत वरून थेट प्रक्षेपण सुरू होतंय आणि खाली हा तमाशा!" त्यानं पानाकडे पाहिलं. "तुम्ही दाबलंत?"

"मी दाबलं. वर दार बंद आहे. माणसं पडलीत."

"दरवर्षी एक तरी असा नग भेटतो," तो स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, आणि खिशातून किल्ली काढून जिन्याच्या कडेच्या खाचेत घातली.

पानानं त्या किल्लीवर तळहात ठेवला. किल्लीसकट खाच झाकली.

"हात काढा, बाई."

"नाही काढणार."

त्यानं तिचं मनगट धरलं. धरलं म्हणजे पिळलंच. "पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. पण साहेब, ही किल्ली फिरली तर जिना वर ओढला जाईल. वर जे पडलेत त्यांच्यासकट. माझे सासरे वर आहेत." तिचा आवाज चिरकला. "मी हेच काम करते. एकोणीस वर्षं. सरकते जिने दुरुस्त करते."

त्यानं तिच्या डगल्याकडे पाहिलं, कमरेच्या दोराकडे पाहिलं, आणि तो हसला. खरं सांगूनही उपयोग नव्हता. पाणबुड्याच्या वेशातल्या बाईनं जगातलं सगळ्यात खरं वाक्य सांगितलं असतं तरी या माणसानं ते ऐकलं नसतं. त्याचा अंगठा तिच्या मनगटाच्या हाडात रुतत होता आणि तिची बोटं एकेक करून सुटत होती.

"माझं नका ऐकू," ती म्हणाली. "वरच्या माणसाला विचारा. हातात वॉकीटॉकी आहे ना तुमच्या? फक्त विचारा. अर्ध्या मिनिटाचं काम. वर सगळं ठीक असलं तर मी स्वतः किल्ली फिरवते आणि तुमच्याबरोबर पोलिसांकडे येते."

तो घुटमळला. बाजूनं गार्ड धावत आली होती. "सर, विचारा ना," ती धापा टाकत म्हणाली. "मी बघितलंय. विचारा, सर."

त्यानं मनगट न सोडता दुसऱ्या हातानं वॉकीटॉकी तोंडाशी नेली. "वरचा मजला, जिना दोन. काय स्थिती?"

खरखर. मग काही नाही. मग पुन्हा खरखर. पानाला आयुष्यात कुठल्या आवाजाची इतकी वाट पाहिल्याचं आठवत नव्हतं.

"सर!" एकदम आवाज फुटला. बोलणाऱ्याला रडू येत होतं. "सर, जिना चालू करू नका! केव्हाचा सांगतोय, कोणी ऐकतच नाही! दहा-बारा जण पडलेत, दार आता उघडलंय, एकाचा पाय अडकलाय, चालू करू नका!"

सुपरवायझरनं तिचं मनगट सोडलं. त्याचा हात किल्लीपाशी आला. पानानं तळहात उचलला नाही, तेव्हा तो अगदी हळू म्हणाला, "काढतोय. काढून घेतोय फक्त."

किल्ली बाहेर आल्यावरच ती उठली.

जिना रिकामा होईपर्यंत तिनं वर पाऊल टाकलं नाही. ती चार मिनिटं तिला आयुष्यभर पुरली असती. एकाचा पाय अडकलाय. कोणाचा, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला तिथे उभं राहता आलं नसतं, आणि तिच्या आवाजावर शंभरेक माणसं पायरी पायरी उतरत होती. शेवटचा माणूस खाली आला आणि मग ती चढली. थांबलेल्या सरकत्या जिन्याच्या पायऱ्या नेहमीच उंच वाटतात. त्या दिवशी त्या संपतच नव्हत्या.

वर माणसं भिंतीला टेकून बसली होती. कुणी डोकं धरून, कुणी नुसतंच टक लावून. फरशीवर चपला, पाण्याच्या बाटल्या, मोडलेली एक पुठ्ठ्याची तलवार. आणि जिन्याच्या अगदी तोंडाशी, एक पाय पुढे पसरून, पट्ट्याला धरून सासरे बसले होते. टोपी नव्हती. उजव्या बुटाचं टोक फणीच्या दातांत गेलं होतं आणि पाय अजून बुटात होता.

"बाबा!"

"ओरडू नकोस. आहे मी," ते म्हणाले. ओठ निळे पडले होते. "जिना मागे सरकला ना, तेव्हा पाय जरा सुटला. त्याआधी... त्याआधी फार आवळला होता गं. तू थांबवलंस का?"

तिनं गुडघे टेकले, नाडी दातांनी तोडली, बुटाची जीभ बाहेर ओढली आणि दोन्ही हातांनी त्यांची टाच धरली. "मी तीन म्हणाले की ओढायचं."

"दोनलाच ओढ. तीनची मला भीती वाटते."

तिनं एकलाच ओढलं. पाय मोज्यासकट बाहेर आला. मोज्याचं टोक लाल होतं. तिनं मोजा काढून बोटं मोजली. पाचही होती. दोन काळीनिळी, वेडीवाकडी, पण होती. मग ती तिथेच फरशीवर बसली आणि तिला जे रडू फुटलं ते आवरेना. सासरे तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, "आपला नंबर... गेला असेल, नाही?"

एकूण अकरा जण दुखावले. कुणाचा खांदा, कुणाचं मनगट, एकीच्या बरगड्या. जिवावर कुणाच्याच बेतलं नाही. वरचा अख्खा मजला दिवसभरासाठी बंद केला. त्याच मजल्यावरच्या प्रथमोपचाराच्या खोलीत डॉक्टरनं सासऱ्यांची बोटं बांधली, दोन मोडली होती. नणंदेचा फोन आला. बातम्यांत जिना दिसला होता. "वहिनी, खरं सांग, तुम्ही तिथे होता?" पानानं फोन सासऱ्यांकडे दिला. ते म्हणाले, "हो, होतो. तुझी वहिनी नसती तर मी आता बोलत नसतो. ठेव आता." आणि ठेवलाच.

दुपारी इमारतीचा मेकॅनिक आला. पन्नाशीचा, अबोल माणूस. त्यानं पानाला जिन्यापाशी बोलावलं आणि खालचं झाकण उचलून दाखवलं. दोघं वाकून बघत राहिले. ब्रेकच्या गादीचं अस्तर जवळजवळ राहिलंच नव्हतं. लोखंडावर लोखंड घासून चकाकत होतं.

"परवा तपासलं म्हणे," पाना म्हणाली.

"कागदावर," तो म्हणाला. "मी दोनदा लिहून दिलं होतं." त्यानं झाकण खाली ठेवलं, पण हात तसाच त्यावर राहिला. "तुम्ही दाबलंत तेव्हा धरेल असं वाटलं होतं?"

"नाही."

त्यानं मान डोलावली.

मग जबाब. छोट्या ऑफिसात सुपरवायझर, एक कारकून आणि ती गार्ड. कारकुनानं लिहून आणलेला कागद तिच्यापुढे सरकवला. 'एका प्रेक्षक महिलेनं परवानगी न घेता आपत्कालीन बटण दाबल्यामुळे जिना थांबला व गोंधळ उडाला.'

"यावर मी सही करणार नाही," पाना म्हणाली.

"नुसती औपचारिकता आहे," सुपरवायझर म्हणाला. सकाळचा ताठा गेला होता, पण तो तिच्या डोळ्यांकडे बघत नव्हता.

"मग जे झालं तेच औपचारिक लिहा. प्रक्षेपणासाठी वरचं दार लावून घेतलं, माणसं साचली, मग बटण दाबलं. त्या क्रमानं. तुम्ही किल्ली घातलीत, तेही. आणि ब्रेकचं अस्तर झिजलंय, ते मी आणि तुमचा मेकॅनिक दोघांनी पाहिलंय."

गार्ड खाली मान घालून उभी होती. नऊ वाजता आपल्याला सांगितलं होतं, हे आता निघणार, याची ती वाट बघत असावी.

"आणखी एक लिहा," पाना म्हणाली. "नऊ वाजता जिना जास्त घसरला ते मला दिसलं होतं. मी एकदाच सांगितलं. पुन्हा सांगायला हवं होतं, वरच्या माणसाला गाठायला हवं होतं. रांगेतला नंबर जाईल म्हणून मी गेले नाही."

कारकुनाचं पेन थांबलं. "हे लिहायची गरज नाहीये, मॅडम."

"लिहा. मला आहे."

गार्डनं पहिल्यांदाच मान वर केली. "मलाच सांगितलं होतं यांनी," ती म्हणाली. "माझं नाव लिहा." सुपरवायझरनं खिडकीबाहेर पाहिलं. मग कारकुनाला म्हणाला, "लिहा. त्या म्हणतात तसं लिहा." दुसरा कागद झाला, आणि पानानं तो दोनदा वाचून त्यावर सही केली.

संध्याकाळी निघायची वेळ झाली. सरकते जिने सगळेच बंद, म्हणून सामानाच्या लिफ्टनं खाली उतरून मोठ्या दालनातून बाहेर जायचं होतं. सासरे चाकाच्या खुर्चीत, मांडीवर तांब्याच्या रंगाचं शिरस्त्राण, त्याला एका बाजूनं तडा गेलेला. पाना खुर्ची ढकलत होती. तिच्या मनगटावर पाच बोटांचे वळ उमटले होते.

दालनात पोहोचतात तोच समोरचा अजस्र पडदा उजळला. वर होऊ न शकलेला कार्यक्रम आता खाली दाखवत होते. लाटांचा आवाज आला, आणि ते ओळखीचं संथ संगीत सुरू झालं. निळसर काही तरी पडद्याच्या कडेला दिसायला लागलं. चहूकडून लोक धावत आले.

"थांब!" सासरे ओरडले. मग लगेच, "नाही, थांबू नकोस! चल, चल लवकर! मला नाही बघायचं." त्यांनी डोळे घट्ट मिटले आणि दोन्ही हात कानांवर दाबले. "आपण आपल्या नावेतून जाऊन बघायचं ते. दुसऱ्या कुणी दाखवलेलं नको!"

पानानं मान खाली घातली आणि नजर खुर्चीच्या चाकांवर रोखली. पण तिचे हात खुर्ची ढकलण्यात गुंतले होते. कान कशानं झाकणार? पडद्यावर कोणी तरी बोलायला लागलं. "आणि आता, पहिल्यांदाच, सातव्या बेटावर..."

"एकोणीस एके एकोणीस!" पाना मोठ्यानं म्हणाली. "एकोणीस दुणे अडतीस! एकोणीस त्रिक सत्तावन्न!"

लोक वळून बघायला लागले. डगल्यातली एक बाई, खुर्चीत डोळे मिटून कान झाकलेला म्हातारा, आणि पाढे. ती थांबली नाही. गर्दीतून वाट काढत, चाकं कुणाच्या पायावर जाणार नाहीत एवढं बघत, ती जवळजवळ पळत सुटली. बाहेरचं दार आलं तेव्हा ती एकोणीस नव्वे एकशे एकाहत्तरवर होती, आणि सासरे, कान झाकलेले असूनही, तिच्याबरोबर पाढा म्हणत होते.